‘हे आधीच विचारलंय’ म्हटल्यावर पुढे काय?

प्रोग्रामिंगच्या मदत-साइटवर उत्तरं देणाऱ्यांची पत्रं आली आहेत, तशी तिथे पहिल्यांदाच प्रश्न टाकून हिरमुसलेल्यांचीही. सगळ्यांचा विषय एकच आहे: नवशिक्यांचे तेच ते प्रश्न. साइट अनेक आहेत, नियम थोडेफार वेगळे आहेत. इथे आकडे दिलेत ते २००८ मध्ये सुरू झालेल्या स्टॅक ओव्हरफ्लोचे, कारण बहुतेक पत्रं तिथलीच आहेत.

प्रश्न : मी जावा टॅगवर, म्हणजे जावा भाषेची खूण लावलेल्या प्रश्नांवर, नेहमी उत्तरं देतो. ‘प्रोग्राम वय विचारतो, पण नाव विचारतच नाही, थेट पुढे जातो’ हा प्रश्न सतत नव्या नव्या माणसाकडून येतो. उत्तर दोन ओळींचं आहे. ते लिहून मोकळं व्हावं की प्रश्न डुप्लिकेट म्हणून बंद करावा?

बंद करा, म्हणजे नवी उत्तरं थांबतात आणि वर आधीच्या, मूळ प्रश्नाचा दुवा लागतो. पण नुसतं बंद करून निघून जाऊ नका.

हा प्रश्न संपत का नाही ते आधी बघू. वापरणारा २५ टाइप करून एंटर दाबतो. आकडा वाचणारं ‘नेक्स्टइंट’ २५ उचलतं, एंटर मात्र तिथेच पडून राहतो. पुढची ‘नेक्स्टलाइन’ चालू ओळीचा उरलेला भाग वाचते, म्हणजे एंटरच्या आधीची रिकामी जागा. नाव रिकामं येतं आणि प्रोग्राम पुढे जातो. आता विचारणाऱ्याच्या जागी बसून बघा. त्याला दिसतं एवढंच, की नाव विचारलं नाही. इनपुटमध्ये उरलेला एंटर, म्हणजे न्यूलाइन, हा शब्दच त्याने अजून ऐकलेला नाही, मग तो शोधणार कसा? मूळ प्रश्न कारणाच्या भाषेत लिहिलेला असतो आणि नवशिक्याकडे असतं फक्त लक्षण.

म्हणूनच डुप्लिकेट प्रश्न हा कचरा नव्हे. तो नवशिक्याच्या शब्दांत लिहिलेला असतो, त्यामुळे पुढच्या नवशिक्याच्या शोधात तोच आधी सापडतो. लॉग-इन न केलेला माणूस अशा बंद प्रश्नावर आला आणि त्याखाली एकही उत्तर नसलं, तर साइट त्याला थेट मूळ प्रश्नावर नेते. तुम्ही खाली दोन ओळींचं उत्तर टाकलंत की हा रस्ता बंद होतो. तो माणूस तुमच्या दोन ओळींपाशीच थांबतो.

तेव्हा त्या दोन ओळी लिहा, पण कॉमेंटमध्ये. उदाहरणार्थ:

‘नेक्स्टइंटने तुमचे २५ घेतले, पण त्यानंतर दाबलेला एंटर उरला. पुढच्या नेक्स्टलाइनला तोच मिळाला, म्हणून नाव रिकामं आलं. तुमच्या सातव्या ओळीनंतर एक जादा नेक्स्टलाइन टाकून बघा. वर जोडलेल्या प्रश्नात हेच सविस्तर आहे, आणि याहून चांगला दुसरा मार्गही आहे.’

या कॉमेंटमध्ये त्याच्या कोडमधली ओळ आहे, त्याने टाकलेला आकडा आहे आणि जोडलेल्या पानावर काय बघायचं तेही आहे. ‘हे आधीच विचारलंय’ या वाक्यात यातलं काहीच नसतं. लिहायला मिनिटभरही लागत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे प्रत्येक ओळ नेक्स्टलाइननेच वाचायची, आणि आकडा हवा तिथे ‘ट्रिम’ने कडेची मोकळी जागा काढून ‘पार्सइंट’ने आकड्यात बदलून घ्यायची. जादा नेक्स्टलाइन हे ठिगळ आहे. इनपुटचा क्रम बदलला की ते चुकीच्या जागी राहतं. शिवाय आकड्याच्या जागी कुणी अक्षर टाकलं तर नेक्स्टइंट एक्सेप्शन, म्हणजे काम थांबवणारी चूक, टाकतं आणि ते अक्षर उचलत नाही. लूपमध्ये ते एक्सेप्शन पकडून पुन्हा विचारत असाल तर तेच अक्षर पुन्हा वाचायला येतं आणि लूप थांबतच नाही. आठवडाभराने तोच विद्यार्थी ‘लूप अखंड चालतो’ म्हणून परत येतो, तो याच कारणाने.

प्रश्न : मी शिकतोय. माझा प्रश्न चार मिनिटांत बंद केला आणि ‘नल पॉइंटर एक्सेप्शन म्हणजे काय’ या प्रश्नाचा दुवा लावला. ते सगळं वाचलं, नल म्हणजे काय ते कळलं. कोड अजूनही तिथेच अडतोय. ॲरे (एका नावाखालच्या खणांची रांग) तर मी ‘न्यू’ने तयार केलाय.

तुमची तक्रार रास्त आहे. दुवा खोटा नाही, पण तुमच्यापर्यंत पोचत नाही.

तुम्ही ‘न्यू स्टुडंट’ लिहून चौकटी कंसात ५ दिलेत, तेव्हा पाच विद्यार्थी तयार झाले नाहीत, पाच रिकामे खण तयार झाले. प्रत्येक खणात नल, म्हणजे ‘काहीच नाही’, आहे. पहिल्या खणातल्या विद्यार्थ्याचं नाव लिहायला गेलात, तर तिथे विद्यार्थीच नाही. लूप लावून प्रत्येक खणात वेगळा नवा स्टुडंट ठेवा, मग वापरा. (पूर्णांकांच्या ॲरेत असं होत नाही, तिथे सगळे खण शून्याने भरलेले मिळतात. गोंधळ बहुतेक इथूनच सुरू होतो.)

‘ऑब्जेक्टच्या ॲरेत नल का येतो’ असा वेगळा मूळ प्रश्न साइटवर आहे. बंद करणाऱ्यांनी तो लावायला हवा होता. नलच्या महाप्रश्नाकडे सगळ्यांना पाठवणं म्हणजे पत्ता विचारणाऱ्याच्या हातात अख्खा नकाशा देणं. उत्तरं देणाऱ्यांना म्हणूनच विनंती, की नलचा प्रश्न आला की आधी ठरवा तो कुठून आला: ॲरेचा रिकामा खण, कन्स्ट्रक्टरमध्ये फील्डऐवजी त्याच नावाचा लोकल व्हेरिएबल भरणं, की मॅपमध्ये नसलेली किल्ली. मग त्या जातीचा दुवा लावा. टॅगचा सुवर्ण बॅज (त्या विषयात भरपूर उत्तरं दिल्यावर मिळणारा) असणाऱ्यांना एकाहून जास्त मूळ प्रश्नही जोडता येतात.

आता तुम्ही काय करायचं? प्रश्न नव्याने टाकू नका, तोही बंद होईल. आहे तोच एडिट करा. ‘हा डुप्लिकेट नाही’ एवढं लिहून भागत नाही. असं लिहा: ‘जोडलेल्या उत्तरात ऑब्जेक्ट तयार करायला सांगितलंय. मी ओळ १२ वर ॲरे तयार केला, तरी ओळ १५ वर एक्सेप्शन येतं.’ एडिट झालेला प्रश्न पुन्हा उघडण्याच्या रांगेत जाऊ शकतो, आणि तिथे मत देणारा माणूस नेमकी हीच दोन वाक्यं शोधत असतो.

एक्सेप्शनचा मजकूरही पूर्ण द्या. जावा १४ पासून त्यात नेमकं काय नल होतं ते लिहून येण्याची सोय आहे आणि जावा १५ पासून ती आपोआप चालू असते. तुमच्या बाबतीत ॲरे नव्हे, त्याचा खण नल होता, हे त्यातच आलं असतं.

प्रश्न : ‘आधी शोध घ्या’ असं सगळे सांगतात. पण ज्याचं नाव माहीत नाही ते शोधायचं कसं?

एरर आली असेल तर काम सोपं आहे. फक्त कुठली ओळ घ्यायची ते भाषेप्रमाणे बदलतं. पायथॉनमध्ये सगळ्यात खालची ओळ घ्या. जावात सगळ्यात वरची, आणि खाली ‘कॉज्ड बाय’ असेल तर शेवटच्या ‘कॉज्ड बाय’ची. सी आणि सी प्लस प्लसमध्ये कंपायलरची पहिली एरर, कारण बाकीच्या पुष्कळदा तिच्यामुळेच आलेल्या असतात. त्या ओळीतून स्वतःची फाइल, फोल्डर आणि व्हेरिएबलची नावं काढून टाका. ती जगात फक्त तुमच्याकडे आहेत. उरलेला मजकूर अवतरणचिन्हांत घालून, भाषेचं नाव जोडून शोधा.

अवघड आहेत ते प्रश्न, जिथे एरर येतच नाही. पायथॉनमधलं नेहमीचं उदाहरण घ्या. उत्तर ‘वाय’ किंवा ‘येस’ असेल तर पुढे जा, असं लिहायचंय. विद्यार्थी लिहितो: इफ उत्तर == 'वाय' ऑर 'येस'. काहीही टाइप केलं तरी अट खरीच ठरते. बोलताना आपण असंच बोलतो, म्हणून चूक नजरेला दिसत नाही. पायथॉन मात्र ते दोन वेगळे तुकडे म्हणून वाचतो: ‘उत्तर वाय आहे’, किंवा नुसतं ‘येस’. रिकामी नसलेली स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांचा मजकूर, खरीच धरली जाते. योग्य रूप दोन प्रकारे लिहिता येतं: दोन्हीकडे तुलना पूर्ण लिहायची, नाहीतर ‘इन’ वापरून दोन्ही शब्द कंसात द्यायचे.

इथे ‘पायथॉन इफ चालत नाही’ असं शोधून काहीच हाती लागत नाही. शोधताना तीन गोष्टी एकत्र ठेवा: भाषेचं नाव, संशय आहे ती रचना, आणि काय घडतंय. ‘पायथॉन, इफ ऑर, ऑलवेज ट्रू’ म्हटलं की पहिल्या पानावर सापडतं. चिन्हं मात्र नावाने लिहा, कारण सर्च इंजिन बरीच चिन्हं गाळून टाकतात.

तरीही सापडलं नाही तर कोड छाटा. दोनशे ओळींतल्या अर्ध्या काढा आणि चालवा. चूक अजून येते? उरलेल्यातल्या अर्ध्या काढा. चूक गेली? मग ती काढलेल्या भागात होती, त्या परत आणा. इनपुट विचारणं काढून किंमत थेट कोडमध्ये लिहा. दहा-पंधरा ओळी उरेपर्यंत चूक बहुधा स्वतःलाच दिसते. नाही दिसली तर त्या दहा-पंधरा ओळी म्हणजेच तुमचा प्रश्न, आणि असा प्रश्न लोक आवडीने सोडवतात.

प्रश्न : माझ्याकडे बंद करण्याचा अधिकार नाही. मग दुवा सापडूनही काय उपयोग?

डुप्लिकेट म्हणून फ्लॅग करायला, म्हणजे खूण करून कळवायला, १५ रेप्युटेशन (साइटवर मिळवलेले गुण) पुरतं, आणि फ्लॅग केलं की ‘यातून तुमचं उत्तर मिळतं का?’ अशी दुव्यासकट कॉमेंट आपोआप पडते. दुसऱ्याच्या प्रश्नावर स्वतःची कॉमेंट लिहायला ५० लागतात. बंद करण्याचं मत ३००० पासून मिळतं आणि अशी तीन मतं लागतात. टॅगचा सुवर्ण बॅज असलेला एकटाच डुप्लिकेट बंद करू शकतो. त्यासाठी त्या टॅगमध्ये किमान २०० उत्तरं आणि १००० गुण हवेत. आणखी एक सोय बऱ्याच जणांना ठाऊक नसते: विचारणाऱ्यानेच ‘हो, याने काम झालं’ म्हटलं की प्रश्न लगेच बंद होतो. तुमचा दुवा नेमका असेल तर अधिकाराची गरजच पडत नाही.

प्रश्न : दुवा शोधायला पाच मिनिटं लागतात, उत्तर लिहायला एक. वर उत्तराला गुण मिळतात, दुव्याला नाही. मग दुवा का शोधावा?

हिशोब बरोबर आहे. एका अपव्होटचे (पसंतीच्या मताचे) १०, उत्तर स्वीकारलं तर १५, आणि दुवा शोधणाऱ्याला शून्य. ही रचनेतली उणीव आहे आणि ती झाकून उपयोग नाही.

पण एकच उत्तर चाळीस ठिकाणी लिहिलेलं असलं की काय होतं तेही बघा. पायथॉन २ मध्ये कीबोर्डवरून स्ट्रिंग घ्यायला ‘रॉ-इनपुट’ होतं. पायथॉन ३ मध्ये ते नाव गेलं आणि ‘इनपुट’च स्ट्रिंग देऊ लागलं. पायथॉन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला. मूळ प्रश्नावरचं उत्तर कुणीतरी दुरुस्त करतं. इकडेतिकडे घाईत लिहिलेली एकेका मिनिटाची उत्तरं तशीच राहतात, आणि आजचा विद्यार्थी त्यातलं एक चिकटवून ‘नेम एरर’ घेऊन परत येतो. पुनरावृत्तीला पुनरावृत्ती अशी वाढते.

शोधायची पाच मिनिटं वाचवता येतात. आपापल्या टॅगमध्ये वरचेवर येणारे वीस-पंचवीस मूळ प्रश्न एका साध्या फाइलमध्ये ठेवा. प्रत्येकासमोर कारण लिहू नका, नवशिक्या वापरतो ते शब्द लिहा: ‘नाव विचारत नाही’, ‘इफ नेहमी खरं’, ‘स्ट्रिंग सारख्या दिसतात पण फॉल्स येतं’. फाइलमध्ये शोधलं की दुवा दहा सेकंदांत मिळतो.

प्रश्न : आमच्या टॅगमध्ये एका विषयावर धड मूळ प्रश्नच नाही. तो स्वतः लिहायचा असेल तर कसा लिहावा?

स्वतः विचारून स्वतःच उत्तर देण्याची मुभा आहे, ती जरूर वापरा. उत्तर तुम्ही चांगलंच लिहाल. चुका होतात त्या प्रश्न लिहिताना. जाणकार शीर्षकात कारण लिहितो: ‘बायनरी फ्लोटिंग पॉइंटमधील अचूकता’. हे शीर्षक फक्त दुसऱ्या जाणकाराला सापडेल. शीर्षकात लक्षण हवं: ‘०.१ + ०.२ बरोबर ०.३ का येत नाही?’ खाली चार ओळींचा कोड, अपेक्षित निकाल, आणि प्रत्यक्ष निकाल अक्षरशः जसाच्या तसा: ०.३०००००००००००००००४. लोक शोधायला हाच आकडा चिकटवतात.

उत्तरात उपाय आधी येऊ द्या, कारण नंतर. साधारण तुलना करायची असेल तर फरक ठरावीक मर्यादेत आहे का ते बघा. पैशांसारखा नेमका हिशोब असेल तर सगळ्यात लहान एककात पूर्णांक ठेवा, किंवा डेसिमल (दशांश आहे तसा ठेवणारा प्रकार) वापरा. डेसिमलला किंमत देताना ती स्ट्रिंग म्हणून द्या. पायथॉनमध्ये डेसिमलला अवतरणाशिवाय ०.१ दिलं तर आधीच बिघडलेला आकडा आत जातो. हा बारकावा गाळलात तर त्याच उत्तरातून नवा प्रश्न जन्माला येतो.

मग कारण. दोनच्या पायात तेच अपूर्णांक संपतात, ज्यांचा छेद संक्षेप दिल्यावर दोनचा घात असतो. एक दशांशाच्या छेदात ५ आहे, त्यामुळे तो संपतच नाही, आणि डबलमध्ये (अपूर्णांक ठेवण्याच्या नेहमीच्या प्रकारात) ५३ सार्थ बिटांवर तोडून जवळचा आकडा ठेवावा लागतो. वाचणाऱ्याला ०.५ + ०.२५ करून बघायला सांगा. ते ०.७५ शी तंतोतंत जुळतं. भाषा बिघडलेली नाही हे त्या एका ओळीने पटतं, इतकं आयईईई ७५४ या अशा आकड्यांच्या मानकातल्या परिच्छेदाने पटत नाही.

लिहून झालं की काम संपलं असं नाही. जावास्क्रिप्टमध्ये ‘व्हार’ने चालवलेल्या लूपमध्ये टायमर लावला की तीनही वेळा ३ छापला जातो, हा जुना प्रश्न आहे. २०१५ पूर्वीची उत्तरं त्यावर फंक्शनमध्ये गुंडाळण्याचा उपाय सांगतात. त्या वर्षी ‘लेट’ आलं आणि उपाय एका शब्दाचा झाला. दुवा लावण्याआधी सगळ्यात वरचं उत्तर कुठल्या काळातलं आहे ते पाहत चला. जुनं असेल तर वर एक ओळ एडिट करून टाका.

प्रश्न : दिसायला तोच, पण प्रत्यक्षात वेगळा असा प्रश्न कसा ओळखायचा?

त्याचा कोड दुव्यातल्या उपायाने मनातल्या मनात दुरुस्त करून बघा, आणि त्याने लिहिलेलं प्रत्येक निरीक्षण त्यातून सुटतं का ते तपासा. जावात एकाने विचारलं, की ‘इंटिजर’चे दोन ऑब्जेक्ट == ने ताडले, १२७ ला खरं येतं, १२८ ला खोटं. स्ट्रिंग == ने ताडू नका, इक्वल्स वापरा, हा प्रसिद्ध दुवा लावला तर कोड सुधारतो. पण त्याचा प्रश्न तसाच राहतो, कारण त्याने विचारलंय ते १२७ आणि १२८ मध्ये काय बदललं. जावा -१२८ ते १२७ पर्यंतचे इंटिजर आधीच तयार ठेवतं आणि तेच पुन्हा पुन्हा देतं, पुढच्या आकड्यांना सहसा नवा ऑब्जेक्ट मिळतो. या प्रश्नाचा मूळ प्रश्न वेगळा आहे. घाईत चुकीचा दुवा लावला, तर नेमका चांगलं निरीक्षण करणारा विद्यार्थीच दुखावला जातो.

प्रश्न : स्क्रीनचा फोटो टाकणाऱ्यांना काय सांगावं?

कारण सांगा, नुसता नियम नको. फोटोतला कोड कॉपी करून चालवता येत नाही, शोधात येत नाही, आणि स्क्रीन-रीडर वापरणाऱ्याला वाचता येत नाही. ‘कोड आणि एरर मजकूर म्हणून चिकटवा, म्हणजे मी तो माझ्याकडे चालवून बघतो’ असं लिहिलं की बहुतेक जण लगेच करतात.

प्रश्न : ‘गूगल करा’ असं लिहिणं चूक आहे का?

चूकच आहे, आणि उलटंही पडतं. हे पान उद्या कुणाच्या तरी शोधात पहिलं येणार आहे. तो शोधूनच इथे पोचलेला असेल आणि इथे त्याला ‘शोधा’ असं सांगितलेलं मिळेल. तुम्ही शोधलेले शब्दच लिहून द्या: ‘मी पायथॉन, इफ ऑर, ऑलवेज ट्रू असं शोधलं, दुसरा निकाल बघा.’ त्याला उत्तर मिळतं, आणि शोधायचं कसं तेही.

तोच प्रश्न बघून हात शिवशिवत असतील तर त्या दिवशी तो टॅग दुर्लक्षित यादीत टाका. दुसऱ्या कुणाला तो प्रश्न आज ताजा वाटतो, त्याला उत्तर देऊ द्या.

प्रश्न : हल्ली हेच प्रश्न लोक एआयला विचारतात. त्याचंच उत्तर चिकटवलं तर?

चिकटवू नका. स्टॅक ओव्हरफ्लोवर डिसेंबर २०२२ पासून तशी बंदी आहे. कारण असं, की ते उत्तर वाचायला गुळगुळीत लागतं, चुकलं असलं तरी. आणि विचारणारा नवशिका आहे, त्याला चूक पकडता येत नाही.

प्रश्न : कॉमेंटमध्ये नीट समजावलं, दुवा लावला, पण विचारणारा परत आलाच नाही. मेहनत वाया गेली असं धरायचं का?

वाया गेली की नाही, ते प्रश्न कसा लिहिलाय त्यावर ठरतं. लक्षण त्याच्या शब्दांत नीट लिहिलेलं असेल तर शीर्षकातलं ‘प्लीज हेल्प’ आणि ‘अर्जंट’ काढा, त्या जागी ‘वय विचारल्यावर नाव न विचारता प्रोग्राम पुढे का जातो?’ असं लिहा, कोड नीट मांडा आणि दुवा तपासा. शब्दांत काहीच शोधण्याजोगं नसेल, नुसतं ‘माझा कोड चालत नाही’ असेल, तर त्यावर वेळ घालवू नका.